सूत्रधाराचा अधिकार आणि खेळाडूची संहिता : भूमिकाखेळांतील क्षमताबाधाच्या उपदेशाचे अर्थनिर्णयन

१९७८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून टीएसआर या प्रकाशनसंस्थेने ‘प्लेअर्स हँडबुक’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या या पुस्तकात पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा, या वर्गातील पात्राला कोणकोणत्या क्षमता प्राप्त होतात याचे वर्णन आहे. चौथ्या पातळीस पोचलेल्या पॅलाडिनास आपला युद्धाश्व बोलावता येतो. मात्र दहा वर्षांतून एकदाच, असे तेथे सांगितले आहे. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्याच लेखकाचे, म्हणजे गॅरी गायगॅक्सचे, ‘डंजन मास्टर्स गाइड’ आले. त्यातही या अश्वावर एक परिच्छेद आहे. अश्व प्रकट होतो खरा, परंतु सदेह नव्हे. तो या घडीला कोठे आहे याचे पॅलाडिनास केवळ दर्शन घडते. तेथवर जाऊन तो मिळवणे हे पॅलाडिनाचे काम. अंतर साधारणतः सात दिवसांच्या घोडदौडीपेक्षा अधिक नसावे. अश्व रानटी असेल आणि पकडावा लागेल, किंवा तोडीस तोड अशा एखाद्या दुष्ट योद्ध्याच्या पहाऱ्यात असेल.

पहिल्या पुस्तकातील ‘बोलावता येतो’ या क्रियापदाचा अर्थ कोणता? खेळाडू पहिलेच पुस्तक वाचतो आणि त्याच्या दृष्टीने बोलावणे म्हणजे येणे. सूत्रधार दुसरेही पुस्तक वाचतो आणि त्याच्या दृष्टीने बोलावणे हा एका नव्या मोहिमेचा आरंभ ठरतो. दुसरी संहिता पहिलीचे स्पष्टीकरण करते की तिला बाधित करते, याचा निर्णय दोन्ही पुस्तकांत कोठेही दिलेला नाही. शिवाय दुसरे पुस्तक खेळाडूने उघडूच नये, अशी त्याच्या लेखकाची अपेक्षा आहे. जो खेळाडू ते जवळ बाळगील त्याला सन्माननीय मरणही मिळू नये, अशा आशयाचा अर्धवट थट्टेचा शेरा गायगॅक्सने प्रस्तावनेतच मारून ठेवला आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी प्रत्येकजण एका काल्पनिक पात्राचे बोलणे व कृती ठरवतो. एक व्यक्ती मात्र भोवतालच्या जगाचे वर्णन करते, उरलेल्या सर्व पात्रांची बाजू सांभाळते, नियम लागू करते. जेथे निष्पत्ती संदिग्ध असते तेथे फासे टाकले जातात. जिंकणे-हरणे असे काही नसते आणि तोच खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो. या मध्यवर्ती व्यक्तीस मी येथे ‘सूत्रधार’ म्हणतो आहे. शब्द सोयीचा आहे, निर्दोष नाही. आपल्या नाट्यपरंपरेतील सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा राहून बोलतो. हा सूत्रधार पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसतो आणि त्याचे फासे इतरांना दिसत नाहीत.

अशा सूत्रधारासाठी लिहिलेल्या उपदेशपर वाङ्मयाची आज पन्नास वर्षांची परंपरा आहे. तिच्यात एक सूत्र पुनःपुन्हा येते : प्रसंग पडल्यास नियम, फाशांचा कौल, किंवा खेळाडूच्या पात्राची एखादी क्षमता बाजूस सारण्याचा अधिकार सूत्रधारास आहे. खेळणाऱ्यांच्या वर्तुळात हे सूत्र एकजिनसी मानले जाते. कोणी त्याचे समर्थन करतो, कोणी निषेध. माझे म्हणणे असे की हे सूत्र मुळात एक नाहीच. त्यात दोन वेगळ्या घराण्यांचे अधिकार एकत्र बांधले गेले आहेत : एक पंचाचा, दुसरा ग्रंथकाराचा. पहिला अधिकार नियम जेथे मौन धरतो तेथे बोलतो. दुसरा, नियम स्पष्ट बोलत असतानाही त्याला गप्प करतो. या दोहोंची गाठ केव्हा व कशी पडली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि उपदेशाची वाक्ये सुटी करून वाचल्याने तो आजवर झाकला गेला आहे.

पंचाचे घराणे प्रशियन आहे. लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने १८२४ साली सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळाची नियमावली सिद्ध केली. दोन्ही पक्ष आपापल्या आज्ञा एका मध्यस्थाकडे देत. तो नकाशावर सैन्य हलवी, कोणास काय दिसते ते ठरवी, फासे आणि कोष्टके यांवरून हानी मोजी. नियम इतके बोजड झाले की पुढे मेकेलने १८७३ मध्ये त्यांवर टीका केली आणि १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वाने ‘मुक्त’ युद्धखेळाचा पुरस्कार केला : अनुभवी पंच असेल तर कोष्टके आणि फासे हवेत कशाला? त्याने आपल्या युद्धानुभवावरून निकाल द्यावा. सूत्रधाराच्या निरंकुश अधिकाराचे समर्थक आज या ‘मुक्त’ शाखेला आपली पूर्वज मानतात. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. फेर्डीच्या पंचाने जे बाजूस सारले ते कोष्टक होते, खेळाडूची मालमत्ता नव्हे. टेबलावरील बटालियन खेळाडूची नसे. ती उद्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती जाई. तिच्या अंगी कोणतीही लिखित, वैयक्तिक, कष्टाने कमावलेली क्षमता नसे. पंचाचा निकाल चुकला तर खेळाडूचे फार तर एक दुपार नुकसान होई. आणि पंच तेथे सेवेत वरिष्ठ असे. त्याच्या निर्णयामागे ग्रंथाचे नव्हे, हुद्द्याचे बळ असे.

हे घराणे अमेरिकेत कसे आले याची वाट बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकन सेनाधिकारी चार्ल्स टॉटन याचे १८८० चे ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचे पुस्तक मिनेसोटात डेव्हिड वेझली याच्या हाती लागले. पंच असेल तर खेळाडूस नियमात नसलेली कोणतीही कृती योजता येईल, ही कल्पना त्याने तेथून उचलली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा खेळ मांडला. एका काल्पनिक जर्मन गावात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. खेळ वेझलीच्या हातून पार निसटला, दोन खेळाडूंनी परस्पर द्वंद्वयुद्धच ठरवले, आणि खेळणाऱ्यांना तेच आवडले. त्याच्याच मंडळातील डेव्ह आर्नेसनने १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात हा प्रकार चालू ठेवला. आता पात्रे एका बैठकीतून दुसरीत टिकू लागली, अनुभवाने वाढू लागली. आर्नेसनचे नियम छापील नव्हते. ते त्याच्या टिपणांत आणि स्मरणात होते. तेथे सूत्रधाराने नियम डावलला असे म्हणण्यास जागाच नव्हती. जो नियम खेळाडूने वाचलेला नाही त्याचा भंग खेळाडूस कसा कळणार?

खरे स्थित्यंतर १९७४ चे. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिका प्रसिद्ध झाल्या, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. आता क्षमता छापली गेली. छापली गेली म्हणजे ती खेळाडूलाही वाचता येऊ लागली, उद्धृत करता येऊ लागली, तिच्यावर बोट ठेवून हक्क सांगता येऊ लागला. या पुस्तिकांतही मध्यवर्ती व्यक्तीस ‘रेफरी’ म्हणजे पंच असेच म्हटले आहे, आणि शेवटी वाचकाला उत्तेजन दिले आहे की तुमच्या वतीने आणखी कल्पना आम्हीच का करावी. हे वाक्य नियम डावलण्याच्या अधिकाराचे पहिले घोषणापत्र म्हणून पुष्कळदा दाखवले जाते. पण त्याच्या संदर्भाकडे पाहावे. पुस्तिकांमध्ये जागोजाग रिकाम्या जागा आहेत, आणि त्या भरण्याचे ते आवाहन आहे. जे छापले आहे ते पुसण्याची परवानगी तीत नाही.

छापलेल्या क्षमतेत दुरुस्ती करायची झाली तर काय करीत, याचे उदाहरण लगेच मिळते. १९७४ च्या संहितेत वशीकरणाचा एक मंत्र आहे. वश झालेली व्यक्ती, तो मंत्र दुसऱ्या मंत्राने उतरवला जाईपर्यंत, जादूगाराच्या पूर्ण अमलाखाली राहते. अगदी खालच्या पातळीच्या जादूगाराला असा आजन्म दास मिळणे खेळाला परवडणारे नव्हते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने मंत्रावर मर्यादा घातली : वश झालेल्याच्या बुद्धीनुसार ठरावीक काळाने त्याला सुटण्याची संधी मिळू लागली. क्षमता घटली हे निश्चित. पण ती घटली छापील पानावर, सर्वांना दिसेल अशा रीतीने, आणि सर्व जादूगारांसाठी सारखीच. कायद्याच्या भाषेत ही सुधारणा आहे, बाध नव्हे.

एच. एल. ए. हार्ट यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ (१९६१) या ग्रंथात केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असणे वेगळे आणि गुणलेखक म्हणेल तेच गुण असा नियम असणे वेगळे, असे ते दाखवतात. पहिल्या खेळात गुण मोजण्याचा नियम कायम असतो. गुणलेखक तो पाळण्यास बांधलेला असतो आणि त्याची चूक ही चूकच राहते, जरी ती दुरुस्त करण्याची सोय नसली तरी. दुसऱ्या खेळात नियमच उरत नाही, आणि म्हणून चूकही उरत नाही. फुटबॉलचा पंच पहिल्या प्रकारचा. सूत्रधाराचा शब्द अंतिम आहे हे वाक्य भूमिकाखेळांच्या वाङ्मयात जेथे जेथे येते तेथे तेथे ते हार्टच्या कोणत्या खेळाचे आहे, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

ही कसोटी १९७९ च्या ‘गाइड’ला लावून पाहू. हा ग्रंथ विस्कळीत आहे. इंग्रजीतील एक अत्यंत उत्साही, अत्यंत हेकट आणि अधूनमधून भव्य अशा गद्याचा तो नमुना आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची उपेक्षा करू नये असे मला वाटते. त्यातील फाशांविषयीचा उतारा सर्वांत अधिक उद्धृत होतो. मनात योजलेला घटनाक्रम घडावा असे वाटत असेल तर सूत्रधाराला फासा केव्हाही बाजूस ठेवण्याचा पूर्ण हक्क आहे, अशा आशयाचे विधान तेथे आहे. बहुतेक वाचक येथेच थांबतात. उतारा मात्र पुढे जातो आणि उदाहरणे देतो. सर्व काही शहाणपणाने करूनही केवळ विचित्र फाशामुळे एखादे पात्र मरणार असेल तर त्याला बेशुद्ध करावे, त्याचा एखादा अवयव जावा, पण जीव वाचू द्यावा. चांगला खेळणाऱ्या तुकडीच्या वाटेत फाशाने निष्कारण राक्षस आणला तर तो गाळावा, असे याच ग्रंथात अन्यत्र सांगितले आहे. आणि मूर्खपणाने वागून मरणाऱ्याला वाचवू नये, हा इशाराही फाशांविषयीच्या उताऱ्यातच आहे.

मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला आहे. एखादे वाक्य आज्ञा देते. दुसरे त्या आज्ञेची स्तुती करते, तिला बळ देते, पण स्वतः काही करावयास सांगत नाही. सूत्रधाराच्या ‘पूर्ण हक्का’चे विधान मला अर्थवादाच्या जातीचे वाटते. विधी उदाहरणांत आहे, आणि तो एकाच दिशेने वाहतो : खेळाडूच्या बाजूने, फाशाच्या विरुद्ध. गुणी खेळाडूची क्षमता हाणून पाडण्यासाठी फासा खोटा करावा, असे एकही उदाहरण या उताऱ्यात नाही. दयेचा अधिकार होता, तो पुढच्या वाचकांनी सर्वाधिकार म्हणून वाचला.

यावर आक्षेप येईल की याच ग्रंथात उपद्रवी खेळाडूवर आकाशातून निळ्या विजा टाकाव्यात, नेहमी अनपेक्षितपणे हल्ला करणारी अशरीरी ‘ममी’ सोडावी, किंवा पात्राच्या व्यक्तिमत्त्वाचा एक गुण कायमचा काढून घ्यावा, असेही सुचवले आहे. खरे आहे. पण ही शिक्षा टेबलावर बसलेल्या माणसाला आहे, पात्राला नव्हे, आणि ती उघड द्यायची आहे; लपवलेल्या शिक्षेला शिक्षा म्हणून काही किंमतच नसते. शिक्षकाने वर्गात खडू फेकून मारावा तसा हा प्रकार. त्यातून कथेच्या सोयीसाठी क्षमता डावलण्याचे तत्त्व काढणे म्हणजे खडूच्या माऱ्यातून अभ्यासक्रम काढण्यासारखे आहे.

मग पॅलाडिनाच्या अश्वाचे काय? येथे गायगॅक्सचा बचाव इतक्या सहजपणे करता येत नाही. दोष उपदेशात नाही, ग्रंथरचनेत आहे. १९७८-७९ मध्ये खेळाची संहिता दोन खंडांत विभागली गेली आणि त्या विभागणीबरोबर वाचकांचेही दोन वर्ग पडले. पात्राच्या प्रहाराचे आणि बचावाचे आकडे, म्हणजे ज्यांवरून आपण किती समर्थ आहोत हे खेळाडूला कळावे ती कोष्टकेच, सूत्रधाराच्या खंडात गेली. पुरोहिताच्या मंत्रांचेही तसेच : खेळाडूच्या खंडात मंत्रांची यादी आहे, पण ते मंत्र कोणत्या दैवी पायरीवरून येतात आणि रुष्ट दैवत ते कसे रोखू शकते, याचा तपशील सूत्रधाराच्या खंडात. आश्वासन एका पुस्तकात, त्याचा हिशेब दुसऱ्या पुस्तकात. वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो असे व्होल्फगांग इझर यांनी त्याच दशकात मांडले; येथे रिक्त जागा लेखकाने भरून ठेवलेल्या आहेत, फक्त त्या एका वाचकवर्गाला दाखवलेल्या नाहीत. खेळाडूला आपली क्षमता बाधित झाली असे वाटते ते पुष्कळदा या कारणाने. सूत्रधाराने काही डावललेले नसते. त्याने अधिक पाने वाचलेली असतात.

त्यातच याच ग्रंथाची प्रस्तावना एकरूपतेचा आग्रह धरते : जगभर खेळ सारखा खेळला जावा, सूत्रधारांनी फार फेरबदल करू नयेत. आणि त्याचा उपसंहार सांगतो की महत्त्व खेळाच्या आत्म्याला आहे, नियमांच्या अक्षराला नाही. या अंतर्विरोधावर बरेच लिहिले गेले आहे. त्याचे एक कारण अर्थव्यवहारातही शोधावे लागेल. ‘अॅडव्हान्स्ड’ हा वेगळा, निश्चित सीमा असलेला ग्रंथ आहे असे म्हणणे संस्थेला आवश्यक होते. मानधनाच्या प्रश्नावर आर्नेसनने १९७९ मध्येच दावा लावला आणि त्याची तडजोड १९८१ मध्ये झाली. ग्रंथकर्ता मेला असे पॅरिसमध्ये जाहीर होऊन दहाबारा वर्षे झाली होती. लेक जिनिव्हात तो वकील नेमत होता.

ग्रंथकाराच्या घराण्याचा प्रवेश कोठून झाला हे पाहण्यासाठी नियमग्रंथांपेक्षा छापील मोहिमांकडे वळले पाहिजे. या पुस्तिकांत एखाद्या विवराचा किंवा किल्ल्याचा नकाशा, तेथील संकटे आणि सूत्रधारास सूचना असतात. गायगॅक्सची ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही १९७५ मध्ये ‘ओरिजिन्स’ या मेळाव्यातील स्पर्धेसाठी वापरली गेली आणि १९७८ मध्ये छापली गेली. खेळाडूंच्या क्षमता कुंठित करण्याबद्दल तिची ख्याती आहे. अशरीरी होऊन भिंतीपलीकडे जाऊ पाहणाऱ्या पात्राकडे पिशाच ओढले जाण्याची शक्यता असते; अखेरीस भेटणाऱ्या कवटीवर केवळ मोजकी, नावानिशी सांगितलेली शस्त्रे आणि मंत्रच चालतात. हे वाचून आजचा खेळाडू संतापतो. पण स्पर्धेचा संदर्भ ठेवून वाचल्यास याद्यांचा अर्थ उलटा होतो. स्पर्धेत अनेक टेबले असतात आणि अनेक सूत्रधार. सर्वांना सारखी अट मिळावी म्हणून काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी लिहून ठेवावे लागते. म्हणजे ही यादी सूत्रधाराचा अधिकार वाढवीत नाही, त्याचे हात बांधते. ऐन वेळी, मला सोयीचे नाही म्हणून हा मंत्र चालला नाही, असे म्हणण्याची मुभा ती काढून घेते.

गोंधळ झाला तो स्पर्धेची पुस्तिका घरच्या टेबलावर आल्यावर. १९८० च्या ‘जेन कॉन’ मेळाव्यातील स्पर्धेतून निघालेली गुलामांच्या व्यापाऱ्यांविषयीची चार पुस्तिकांची माला १९८०-८१ मध्ये छापली गेली. चौथ्या पुस्तिकेच्या आरंभी पात्रे बंदिवान आहेत, त्यांची शस्त्रे, कवचे, मंत्रांचे ग्रंथ सर्व काही गेले आहे. स्पर्धेत याला हरकत घेण्याचे कारण नव्हते : पात्रे आयोजकांनी दिलेली होती, आणि रिकाम्या हातांनी सुटण्याची युक्ती शोधणे हेच कोडे होते. घरी मात्र पात्र खेळाडूचे असे, आणि ती शस्त्रे त्याने महिनोन्‌महिने खपून मिळवलेली असत. तिसरी पुस्तिका संपताना ते पकडले जाणे आवश्यक होते, कारण त्याशिवाय चौथी सुरूच होत नाही. म्हणून खेळाडूने कोणतीही क्षमता वापरली तरी सूत्रधाराने त्यांना पकडलेच पाहिजे. माझ्या मते दोन घराण्यांची गाठ पडली ती येथे. कथानकाच्या पुढच्या प्रकरणाला हवे आहे, एवढ्याच आधारावर लिखित क्षमता निष्प्रभ ठरली. आणि ते करवून घेण्यासाठी पंचाच्या अंतिमतेचा हवाला देण्यात आला.

मीमांसेच्या दहाव्या अध्यायाचा विषय बाध हाच आहे, आणि त्या परंपरेने प्राप्तबाध व अप्राप्तबाध असा भेद केलेला आहे : जे प्राप्त झालेलेच आहे ते काढून घेणे, आणि जे प्राप्त होण्याआधीच अडवले जाते ते. यज्ञकर्माची ही परिभाषा खेळाला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण भेद नेमका आहे. १९८० च्या ‘क्वीन ऑफ द डीमनवेब पिट्स’मध्ये नरकलोकात शिरताच शस्त्रांची जादू उणावते आणि अनेक मंत्रांचा परिणाम बदलतो. १९९० च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ संचात सबंध प्रदेशच असा आहे की सज्जन-दुर्जन पारखण्याची शक्ती तेथे कुचकामी होते. भयकथेला ते आवश्यकच आहे. पॅलाडिन दाराशी उभा राहून यजमान दुष्ट आहे असे सांगू लागला तर भय कसले उरणार? पण या प्रदेशाचे नियम आधीच लिहिलेले आहेत आणि तेथे कोणालाही ती शक्ती मिळत नाही. हा अप्राप्तबाध आहे. खेळाडूला आपण परक्या देशात आलो आहोत हे उमगते, आणि ते उमगणे हाच रसाचा भाग होतो. याउलट, फासा पडला, शत्रू हरला, आणि मग पडद्याआड सूत्रधाराने तो हरला नाही असे ठरवले, तर तो प्राप्तबाध. त्यातून कोणतेही ज्ञान होत नाही, कारण तो घडला हेच कोणाला कळत नाही.

१९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालेने या दुसऱ्या मार्गाला सौंदर्यशास्त्र दिले. ट्रेसी हिकमन यांची पहिली मोहीमपुस्तिका आणि मार्गारेट वाइस यांच्यासह लिहिलेली पहिली कादंबरी त्याच वर्षी निघाली. कथेस पुढे लागणारे महत्त्वाचे पात्र मेलेच, तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, प्रेत सापडू देऊ नये, म्हणजे ते नंतर परत आणता येईल, अशी सूचना मालेत आहे. मासिकांतील क्रमशः कादंबऱ्यांच्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. फरक इतकाच की कादंबरीत वाचकाने शत्रूवर वार केलेला नसतो. येथे ज्याचा वार वाया गेला तो वाचकही आहे आणि सहलेखकही. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड’ने तर मध्यवर्ती व्यक्तीचे नावच बदलून ‘स्टोरीटेलर’ केले आणि कथेच्या आड येणारा नियम बदलावा यास सुवर्णनियम म्हटले. पंच, मग मास्टर, मग कथेकरी : नावांचा हा क्रम अधिकाराच्या स्थलांतराचाच नकाशा आहे. पण जुना अधिकार जाऊन नवा आला असे झाले नाही. कथेकऱ्याने पंचाची शिट्टी स्वतःजवळच ठेवली.

प्रतिक्रिया आल्या, त्या मुख्यतः नियमांच्या रूपाने. १९८३ च्या ‘जेम्स बाँड ००७’ या खेळात खेळाडूकडेच ‘हीरो पॉइंट’ होते, ते खर्चून त्याला निकाल आपल्याकडे झुकवता येई. डावलण्याचा अधिकार वाटून घेतला गेला. ‘फेट’ या खेळात सूत्रधाराने पात्राच्या स्वभावदोषावर बोट ठेवून त्याला अडचणीत टाकायचे, तर त्याबदल्यात खेळाडूस गुण द्यावा लागतो, आणि खेळाडू स्वतःचा गुण मोडून नकारही देऊ शकतो. २०१० च्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये व्हिन्सेंट बेकर यांनी सूत्रधाराने काय म्हणावे यालाच नियम केले : तत्त्वे आणि चाली लिहून दिल्या आणि नियम जे मागतात ते बोलण्यास त्याला बांधून घेतले. हार्टच्या भाषेत, गुणलेखक पुन्हा नियमाखाली आला. याउलट, २००० साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत पात्रनिर्मितीच्या पायऱ्यांची सुरुवात शून्य क्रमांकाने होते, आणि ती शून्यावी पायरी म्हणजे सूत्रधाराला विचारणे. हा आकडा बोलका आहे. विचारणे नियमांच्या आधी येते, नियमांच्या मध्ये नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे दोन्ही प्रवाह शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. त्या वर्षीच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्राचीन ड्रॅगनसारख्या थोर शत्रूंना एक छापील गुण दिला आहे : मंत्रापासून बचाव करताना ते अयशस्वी ठरले, तर दिवसातून तीनदा त्यांना यशस्वी झाल्याचे ठरवता येते. पूर्वी सूत्रधार पडद्याआड जे गुपचूप करी, ते आता पानावर आले, मोजले गेले. तीन वेळा, चौथ्यांदा नाही. जादूगार खेळाडू हे जाणतो, आणि शत्रूचे तीन नकार आधी साध्या मंत्रांनी खर्ची पाडून मग आपला खरा मंत्र काढतो. म्हणजे बाधालाच त्याने डावपेचाचा विषय बनवले. संहितेने त्याची क्षमता घटवली, पण त्याचे वाचन समृद्ध केले. त्याच वर्षीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये मात्र पडद्याआड फासे टाकल्यास निकाल हवा तसा फिरवता येतो असे सांगून झाल्यावर, हे फार वेळा करू नये आणि करीत असल्याचे कोणाला कळू देऊ नये, असा सल्ला दिला आहे. १९७९ च्या ग्रंथाने दया करण्याचा हक्क दिला होता, गुप्ततेची अट घातली नव्हती. निळी वीज सर्वांसमोर पडत होती.